एक खुर्ची जास्तीची

१ सप्टेंबर, गुरुवार

पोचलो एकदाचा! दोन बॅगा, एक खोकं पुस्तकं आणि आईने जबरदस्तीने कोंबलेलं पांघरूण, एवढा सगळा लवाजमा घेऊन. ही वहीसुद्धा तिचीच देणगी. रोज चार ओळी लिहीत जा म्हणाली, तू वेळेवर जेवतोस की नाही ते तरी कळेल. वही तुला दाखवणार कोण, असं मी विचारलं, तर म्हणाली की तू घरी आलास की मी चोरून वाचणारच आहे. तेव्हा आई, वाचत असशील तर ऐक: जेवलो, पोटभर जेवलो.

तर आजपासून मी चर्चच्या तरुण संघाचा पूर्णवेळ सेवक. वय चोवीस, अनुभव शून्य, उत्साह उतू चाललेला. सेमिनरीतली, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेतली, तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या चर्चमध्ये सतरंज्या उचलण्यात घालवली. आता स्वतःची माणसं मिळणार, याचा इतका आनंद झालाय की रिकाम्या हॉलमध्ये मघाशी एकटाच मोठ्याने गाऊन आलो. हॉल चांगला घुमतो.

पाळकसाहेब साठीचे, गोल चेहऱ्याचे, प्रेमळ आहेत. एकच खोड आहे. बोलताना समोरच्याचा हात हातात घेतात आणि बोलणं संपेपर्यंत सोडत नाहीत. आज माझा हात अर्धा तास त्यांच्याकडे होता.

राहायला हॉलच्या मागची खोली. पलंग, टेबल, एक खुर्ची, एक खिडकी. खिडकीला जाळी. खोलीला दार एकच आणि ते थेट हॉलमध्ये उघडतं, म्हणजे बाहेर पडायचं तर हॉल ओलांडूनच. कामावर उशिरा पोचायची सोयच ठेवलेली नाही या लोकांनी.

३ सप्टेंबर, शनिवार

पहिली सभा पार पडली आणि मी धडधाकट आहे. सभा दर शनिवारी दुपारी चारला. अकरा मुलंमुली आली, तेरा ते अठरा वर्षांची. सुरुवातीला सगळी दातखीळ बसल्यासारखी गप्प होती.

गप्प का बसणार नाहीत? इथली पद्धतच तशी. किल्लीकाका म्हणून एक सत्तरीचे गृहस्थ आहेत. झाडलोट, घंटा, किल्ल्या सगळं त्यांच्याकडे. ते दाराशी उभे राहून डोकी मोजतात आणि जितकी डोकी तितक्याच खुर्च्या मांडतात. एकही जास्त नाही. उरलेल्या भिंतीशी रचून त्यांना साखळी-कुलूप! मी म्हटलं, काका, दोन जास्तीच्या असू द्या की, कुणी उशिरा आलं तर? ते म्हणाले, उशिरा येणाऱ्याने दार वाजवावं, नाव सांगावं, मग मी देतो खुर्ची. रिकामी खुर्ची मांडून ठेवणं बरं नव्हे. का बरं नव्हे, ते मात्र सांगितलं नाही.

मग हजेरीपट. प्रत्येकाचं पूर्ण नाव, आडनावासकट, मोठ्याने पुकारायचं आणि त्याने उभं राहून ‘हजर’ म्हणायचं. मी म्हटलं, तरुण संघ आहे का तुरुंग? हजेरीपटाची पानं टराटरा फाडली, त्याच्या चिठ्ठ्या केल्या आणि ओळखीचा खेळ घेतला. चिठ्ठीवर स्वतःबद्दल एक गंमत लिहायची, बाकीच्यांनी माणूस ओळखायचा. दहा मिनिटांत हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. काका दाराशी उभे राहून नुसते बघत होते. नंतर त्यांनी चिठ्ठ्या गोळा केल्या, पण तोवर निम्म्या खिडकीतून उडाल्या होत्या.

खेळाखेळात सगळ्यांना टोपणनावं मिळाली. नावं लक्षात ठेवण्यात मी पहिल्यापासून ढ, त्यामुळे माझी सोयच झाली. शिडी, म्हणजे सहा फुटी मुलगा, गिटार छान वाजवतो. घरी जागा नाही म्हणून गिटार हॉलच्या कोपऱ्यातच ठेवतो. वकील, सूर्य उगवतो यालाही हरकत घेणारा. गजर, हिचं हसणं एकदा सुरू झालं की बंद करायचं बटण सापडत नाही. पूर्व आणि पश्चिम या बहिणी, कायम एकमेकींकडे पाठ करून बसतात. डुलकी, मिशी, ताल आणि का-बाई. यांच्या नावातच सगळं आलं. कुलूप, जो बोलत नाही. आणि चिमणी, सगळ्यांत लहान, तेरा वर्षांची, जी बोलायची थांबत नाही. मी त्यांचा दादा. पाळकसाहेबही आता दादाच म्हणतात.

७ सप्टेंबर, बुधवार

शिडीच्या आईकडे जेवायला गेलो होतो. शिवणकाम करतात त्या. सगळे त्यांना मावशी म्हणतात. घरभर कापडाचे तुकडे, त्यातून वाट काढत जेवणाच्या टेबलापर्यंत जायचं. शिडीने एकट्याने चौघांचं जेवण फस्त केलं आणि मावशी तक्रारीच्या सुरात कौतुक करत राहिल्या. याला कपडे शिवायचे म्हणजे तंबू शिवल्यासारखं आहे, असं म्हणाल्या.

चर्चमधल्या प्रत्येक मुलाला लहानपणी त्यांनी एकेक रुमाल दिलाय, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने नाव काढून. मलाही आज दिला. तुमचं नाव काही मला ठाऊक नाही, म्हणून ‘दादा’च काढलंय, असं म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. आठवड्याच्या आत घरचा झालो.

१० सप्टेंबर, शनिवार

आज रिकाम्या खुर्चीची प्रार्थना सुरू केली. सेमिनरीत शिकलो होतो. गोलात एक खुर्ची रिकामी ठेवायची, ती अजून न आलेल्या मित्राची. मग सगळ्यांनी हात धरून, डोळे मिटून त्याच्यासाठी प्रार्थना करायची. मुलं मग आपोआप मित्रांना घेऊन येतात. नव्याण्णव मेंढरं घरात असताना शंभराव्यासाठी दार उघडं ठेवायचं, एवढा साधा हिशेब.

काकांनी साखळी सोडली नाही. बारा माणसांना बाराच खुर्च्या. मग मी माझ्या खोलीतली खुर्ची आणून गोलात ठेवली. वकिलाने अर्थातच हरकत घेतली: कोण येणार ते ठाऊक नसताना बोलवायचं कसं? मी म्हटलं, देवाला ठाऊक आहे ना. मी मनापासून प्रार्थना केली. जो कुणी बाहेर उभा असेल त्याने आत यावं, नाव विचारणार नाही, गाव विचारणार नाही, ही जागा तुझीच आहे. मुलांनी आमेन म्हटलं.

काका दारातून निघून गेले. म्हाताऱ्या माणसांना रुसायला वेळ लागत नाही.

१७ सप्टेंबर, शनिवार

खुर्ची भरली! एका आठवड्यात!

प्रार्थना संपवून डोळे उघडले तर खुर्चीत एक मुलगा बसलेला. करडा स्वेटर, चापून बसवलेले केस, हात मांडीवर. दार करकरतं, पण आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही, इतके रमलो होतो प्रार्थनेत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याला सगळी गाणी पाठ आहेत, शेवटच्या कडव्यापर्यंत. नाव विचारणार नाही असं कबूल केलं होतं, म्हणून विचारलं नाही. टोपणनाव द्यायला गेलो, पण आज काही सुचलंच नाही.

नंतर खुर्च्या रचताना एक गंमत झाली. दोन तास बसल्यावर खुर्ची कोमट लागते. त्याची खुर्ची मात्र नुकतीच बाहेरून आणल्यासारखी गार होती. पंख्याखाली होती बहुतेक.

२० सप्टेंबर, मंगळवार

पाळकसाहेब भलतेच खूश. माझा हात धरून म्हणाले, इतक्या वर्षांत तरुण संघात नवं माणूस नव्हतं आलं. लगे हाथ मी खुर्च्यांच्या साखळीचा विषय काढला. त्यांनी काकांना बोलावून साखळी काढायला सांगितली. काकांनी साखळी काढली आणि किल्ल्यांचा जुडगाही टेबलावर ठेवला. उद्यापासून येत नाही म्हणाले. जाताना मला एवढंच विचारलं की आता मोजणार कोण?

मनाला लागलं थोडं. पण नवं येताना जुनं कुरकुरणारच.

२४ सप्टेंबर, शनिवार

आणखी एक! या वेळी मुलगी. मधोमध भांग, हात मांडीवर. तशीच शांत.

मात्र माझं गणित कच्चंच. गेल्या शनिवारी मुलं बारा झाली असा माझा समज होता. आज आधी मोजली तर अकराच. बहुधा मीच स्वतःला धरलं असणार.

कोपऱ्यात एक गिटार पडून आहे. कुणाची म्हणून विचारलं, कुणालाच ठाऊक नाही. इतकी चांगली वस्तू धूळ खात पडलीये. आमच्यात कुणाला वाजवता येत असती तर!

२८ सप्टेंबर, बुधवार

पँटची शिवण उसवली म्हणून शिवणकामवाल्या मावशींकडे गेलो. जेवूनच जा म्हणाल्या. एकट्याच राहतात, मूलबाळ नाही, त्यामुळे कुणी आलं की त्यांना बरं वाटतं. ताटं मांडताना त्यांनी तीन मांडली. मी विचारलं, अजून कोण येतंय? त्या स्वतःशीच हसल्या. हल्ली हात आपोआप एक ताट जास्त मांडतो म्हणाल्या, वय झालं. मग तिसरं ताट उचलायचं सोडून त्याच्याकडे बघत राहिल्या.

भिंतीवरच्या खुंटीला एक शिवलेला पायजमा टांगला होता. केवढा लांब! मी म्हटलं, मावशी, हा कुणाचा तंबू? त्यांनाही आठवेना.

१ ऑक्टोबर, शनिवार

तिसरा आला. सभा अतिशय शिस्तीत झाली. वेळेवर सुरू, वेळेवर संपली, मधे कुणाची चुळबुळ नाही. वडीलमंडळींपैकी दोघं मुद्दाम बघायला आले होते. जाताना म्हणाले, तरुणांना असं वळण लागलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

खोलीत येऊन बसल्यावर लक्षात आलं की आज कुणीच हसलं नाही. पूर्वी हॉलमध्ये कुणीतरी फार मोठ्याने हसायचं, असं उगीचच वाटत राहिलं.

बहिणींपैकी पश्चिम आज सारखी मागे वळून बघत होती. मागे भिंत होती.

४ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी आईचा फोन आला. वही लिहितोस ना, म्हणाली. लिहितो म्हटलं आणि सहज पहिल्यापासून वाचायला घेतली.

सरळ लिहितो, जसं आहे तसं.

तीन तारखेला मी अकरा टोपणनावं लिहिली आहेत. माझंच अक्षर आहे. त्यातला शिडी कोण, मला आठवत नाही. सहा फुटांचा मुलगा मी कसा विसरेन? गजर नावाची मुलगी आठवत नाही. पूर्व आठवत नाही. पश्चिमला बहीण आहे म्हणून मी लिहिलंय, परवासुद्धा ‘बहिणींपैकी’ असं लिहून गेलो, आणि ती मुलगी तर एकुलती एक आहे. निदान मला तसंच ठाऊक आहे.

आणि सात तारखेला लिहिलंय की शिडीच्या आईकडे जेवलो. मावशींकडे. मूलबाळ नसलेल्या मावशींकडे.

एक आला की एक गेला. आलेल्यांसाठी आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि गेलेल्याची कुणाला आठवणही नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण इथे बीळ मीच खणून दिलं. नाव विचारणार नाही, ही जागा तुझीच, हे माझे शब्द.

मला भीती वाटते आहे. आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी.

५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी किल्लीकाकांच्या घरी गेलो. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी बसायला सांगितलं. वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचली.

ते काय आहेत, हे त्यांनाही ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की मांडलेल्या रिकाम्या जागेवर ते येतात, आणि एकदा आले की हळूहळू दुसऱ्यांच्या जागा घेतात. ज्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली जाते, त्याची जागा त्यांना घेता येत नाही. म्हणून हजेरी. म्हणून मोजणी. नाव सगळ्यांच्या तोंडून गेलं की माणूस गेला, मग तो परत येत नाही. आणि बोलावणाऱ्याची खुर्ची ते सगळ्यात शेवटी घेतात.

मी विचारलं, तुम्हाला हे कसं कळलं? त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. तिथे एक लहान मुलाची सायकल होती, लाल रंगाची, चकचकीत. म्हणाले, ही कुणाची मला ठाऊक नाही, मी रोज पुसतो.

मी रडलो. ते नाही रडले.

आता सगळं एका गोष्टीवर आलंय. उरलेल्या आठ जणांची खरी नावं हवीत. हजेरीपट मी फाडला. न उडालेल्या चिठ्ठ्या काकांनी तेव्हाच बंबात घातल्या होत्या, आणि आता त्यांनाही एकही नाव आठवत नाही. टोपणनावं मी दिली, आणि माझी पोरं हौशी, शाळेतसुद्धा तीच चालवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

८ ऑक्टोबर, शनिवार

आज जास्तीची खुर्ची ठेवलीच नाही. आल्या आल्या म्हटलं, प्रत्येकाने आपलं पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं. मुलं एकमेकांकडे बघून हसली. डुलकी म्हणाला, डुलकी. का-बाईने विचारलं, का? मी ओरडलो. मुलं घाबरली. आठवून बघितलं त्यांनी, खरंच बघितलं. कुणालाच आठवेना.

तेव्हा करड्या स्वेटरचा उठला. भिंतीशी रचलेल्यांतून एक खुर्ची आणून गोलात ठेवली. मग मधोमध भांगवाली उठली. मग तिसरा. पाच खुर्च्या मांडल्या त्यांनी. हात धरले आणि प्रार्थना म्हटली, माझी प्रार्थना, शब्दाला शब्द. माझे दोन्ही हात बाजूच्यांनी धरलेले होते. सुटत नव्हते. डोळे उघडे ठेवायचे असं ठरवलं होतं, पण पापण्या —

उघडले तेव्हा पाचही भरल्या होत्या.

१० ऑक्टोबर, सोमवार

वहीतली यादी लावली. चेहरे आठवतात ते फक्त तिघांचे. वकील, कुलूप, चिमणी.

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. हात धरून ऐकून घेतलं त्यांनी. पहिल्या दोन बाकांवर तरुण मुलं बसलेली बघायला मी तीस वर्षं थांबलो, म्हणाले, तुम्ही दमला आहात. चिमणीचं खरं नाव विचारलं, तर हसून म्हणाले, चिमणीच की. बाप्तिस्म्याची नोंदवही काढायला लावली. तारीख आहे, आईवडिलांची नावं आहेत. तिच्या नावाच्या रकान्यात कोरा कागद. खोडलेलंसुद्धा नाही. वर-खाली बघितलं, अकरा जागी तसंच.

चिमणीच्या आईला गाठलं. परिचारिका आहे, ड्यूटीवर निघाली होती. मुलीला सभेला पाठवू नका म्हटलं तर चिडली. माझी चिमणी तिथेच काय ती खुलते, म्हणाली. तिचं नाव काय, विचारलं. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, थांबली, आणि मग माझ्यावरच ओरडली.

बॅग भरून बसस्टँडवर गेलो. बसमध्ये बसलोसुद्धा. बसलेलाच होतो तेव्हा खिडकीतून चिमणी दिसली, शाळेतून घरी चाललेली. मला बघून तिने हात हलवला. तिच्या मागून चार पावलांवर करडा स्वेटर चालत होता.

उतरलो. माझी खुर्ची शेवटची आहे. मी बसून आहे तोवर तिची पाळी पुढे ढकलली जाईल, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात आलं. खरं सांगायचं तर पळून जायचीही हिंमत नव्हती.

१२ ऑक्टोबर, बुधवार

आता ते शनिवारची वाट बघत नाहीत. दुपार झाली की हॉलमध्ये गोल करून बसलेले असतात. माझं दार तिथेच उघडतं. मी बाहेर पडलो की सगळे उभे राहतात, अदबीने, आणि माझी खुर्ची पुढे ओढतात. माझ्या खोलीतली खुर्ची. बसलो नाही तर वाट देत नाहीत. धक्का मारत नाहीत, अडवत नाहीत, फक्त वाट नसते.

आज तीन वेळा बसलो.

जाळी हलवून बघितली. पक्की आहे.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

आईला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाली.

मी म्हटलं मी. ती म्हणाली, मी म्हणजे कोण? नाव सांगा. मी नाव सांगायला —

नाव नाही. तोंडात दादा एवढंच येतं. वहीच्या पहिल्या पानावरही मी नाव घातलेलं नाही. ती फार मायेने म्हणाली की बाळा, मला मुलगा नाही, पण तुझा आवाज ओळखीचा वाटतो, जेवलास का?

जेवलो म्हटलं. फोन ठेवला.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

वकील कोण? कुलूप कोण? नुसती अक्षरं दिसतात.

चिमणी आठवते. पुन्हा पुन्हा लिहितो. चिमणी, तेरा वर्षांची, बोलायची थांबत नाही.

वही पुन्हा वाचली. सात सप्टेंबर. रुमाल! मावशींचे रुमाल, कोपऱ्यात नाव! माझा काढून बघितला — दादा. पण तिचा. लहानपणचा, तेव्हा ती चिमणी नव्हती. तिच्या आईच्या फोनवर निरोप ठेवला, हातापाया पडलो, उद्या सभेला येताना रुमाल घेऊन ये. बाकी काही आणू नकोस.

येईल ना? आणि आली नाही तर बरं, असंही वाटतंय.

१५ ऑक्टोबर, शनिवार

पावणेचार. आली. गोलाच्या मधून धावत आली, त्यांनी तिला येऊ दिलं. मला बाहेर जाऊ देत नाहीत, आत येणाऱ्याला अडवत नाहीत. कडी लावली. पलंग दाराला लावलाय. ती त्याला पाठ लावून उभी आहे.

ती आज बोलत नाहीये. घरी आईने आज तिला हाकच मारली नाही, एवढंच म्हणाली.

माझा आवाज सकाळपासून फुटत नाही. ओठ हलतात फक्त.

बाहेर प्रार्थना सुरू झाली. जो कुणी बाहेर उभा असेल — माझे शब्द — आणि आवाजही माझाच. फटीतून दिसतंय. दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या आहेत. एक माझी.

रुमाल दिला तिने. तिला तो कोरा दिसतो. मला दिसतंय. निळा दोरा. मावशींचे बारीक टाके. पण टाके सुटताहेत, बघता बघता, जणू कुणी पलीकडून ओढतंय — शेवटचं अक्षर गेलं. बाकीची आहेत. वाचता येतंय. कळलं मला, पूर्ण नाव कळलं —

इतकं सुंदर नाव होतं. आणि मी चिमणी केलं.

हाक मारता येत नाही. आवाज नाही. म्हणून लिहून देतो. तू वाच, मोठ्याने वाच, बाहेर ऐकू जाईल असं. मग जाळीतून रस्त्यावर ओरड, भेटेल त्याला सांग, तुझ्या आईला सांग, काकांना —

माझं राहू दे. बघू नकोस इकडे. कडी आपोआप सरकते आहे, सरकू दे, पलंग सोडू नकोस —

आमेन म्हणाले ते.

वाच. ही ओळ वाच. तू चिमणी नाहीस. तुझं नाव —